वर्गणी कुणाकडे भरायची, हे साहेब ठरवणार का?

पत्र थोडक्यात: नाशिकजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीन ऑपरेटर असलेल्या ३६ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. नोकरी ११ वर्षांची, त्यातली ७ कायम म्हणून. कारखान्यात २४० कायम कामगार, कंत्राटी त्याहून जास्त. आत एक ‘अंतर्गत’ युनियन आहे. तिच्या कमिटीची निवडणूक सहा वर्षांत झालेली नाही, मागचा करार संपून वर्ष उलटलं, आणि कमिटीतले दोघे साहेबांच्या गाडीतून फिरतात. नव्वदेक जणांनी बाहेरच्या एका युनियनचं सभासद व्हायचं ठरवलं. कुणकुण लागताच एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावून ‘मी स्वखुशीने सध्याच्या संघटनेतच राहीन’ असा छापील कागद पुढे केला. यांनी सही केली. तरीही त्यानंतर सलग रात्रपाळी लागली आणि ‘उत्तराखंडच्या प्लांटला माणसं हवी आहेत’ असं ऐकवण्यात आलं. घराचा हप्ता चालू आहे, बायको म्हणते गप्प बसा. वडील मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. ते म्हणतात, ‘युनियनच्या नादाने आमचं वाटोळं झालं, तू तरी शहाणा हो.’ पत्राचा शेवट असा: ‘ताई, मला कायद्याने युनियन बदलता येते का? आणि सही केल्यावर बदलली तर ती गद्दारी नाही का?’

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: येते. संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहे, आणि कुठल्या संघटनेत जायचं, कुठली सोडायची, कुठल्याच संघटनेत जायचं नाही, हे सगळं ठरवणारे तुम्ही. कंपनीच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. तुम्ही वर्गणी कुठे भरता हे एचआरला विचारायचाही अधिकार नाही, मग छापील कागद पुढे करणं तर लांबच.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘गद्दारी’ हा शब्द पत्रात तीनदा आलाय. मी मोजला. गद्दारी करायला आधी निष्ठा कुणाशी तरी असावी लागते. तुमची निष्ठा कुणाशी होती? ज्या कमिटीने सहा वर्षांत निवडणूक घेतली नाही तिच्याशी? की शेजारच्या मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाशी? आणि तो छापील कागद तुम्ही दिलात कुणाला? सभासद म्हणून काही वचन द्यायचं तर ते संघटनेला देतात. तुम्ही दिलंत एचआरला. तुमच्या आणि तुमच्या युनियनच्या मधला मामला कंपनीच्या फाइलीत कसा जाऊन बसला, हा प्रश्न तुमच्यापेक्षा त्या कमिटीला पडायला हवा होता. त्यांना तो पडला नाही, यात तुमचं अर्धं उत्तर आलं.

आता तो कागद. त्याने तुमचे हात बांधले गेले असं तुम्ही धरून चाललात. उलट आहे. महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा १९७१ चा कायदा आहे, तोच ज्याच्या नावाने कामगार ‘यूएलपी टाकली’ म्हणतात (यूएलपी म्हणजे ‘अनफेअर लेबर प्रॅक्टिस’, अनुचित कामगार प्रथा). त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मालकाने काय करायचं नाही याची यादी आहे. संघटनेत जाण्यावरून कामगाराला धमकावणं, एखाद्या संघटनेला पैशाने किंवा इतर मार्गाने पाठबळ देणं, स्वतःची पोसलेली संघटना उभी करणं, संघटनेच्या कामावरून कामगारांत भेदभाव करणं, हे सगळं त्यात आहे. संघटना बांधली जात असताना ऐन मोक्याला पगारवाढ जाहीर करणंसुद्धा आहे. कायदा लिहिणाऱ्याने कारखाना आतून पाहिलेला असावा असं मला ते कलम वाचताना दरवेळी वाटतं. म्हणजे केबिनमधला तो कागद तुमच्यापेक्षा कंपनीला जड जाणारा आहे. त्याची प्रत मिळाली नसेल तर निदान त्या दिवसाची तारीख, वेळ, केबिनमध्ये कोण कोण होतं, काय बोललं गेलं, हे आज रात्रीच वहीत लिहा. शक्य तर तुमच्यासारख्या सह्या केलेल्या पाच-सहा जणांनी मिळून कंपनीला एक साधं पत्र पाठवा, की अमुक तारखेला ही सही दबावाखाली घेतली आणि ती आम्हाला मान्य नाही. पोचपावतीसह टपालाने. हातात देऊ नका.

वही म्हटलं की मला एक माणूस आठवतो. मी कामगार न्यायालयात वकिली करत होते तेव्हाचा. एलआयसीची खिशातली डायरी, कोपरे घामाने फुगलेले. त्यात रोज एक ओळ. ‘दु. ३.१० केबिन. साहेब व अमुक. चहा दिला. युनियन सोड म्हणाले.’ ‘चहा दिला’ यावर आम्ही सगळे हसलो होतो. उलटतपासणीत कंपनीचा अधिकारी म्हणाला, अशी भेट झालीच नाही. मग कँटीनच्या रजिस्टरात त्या वेळी केबिनला गेलेले तीन कप निघाले. त्यानंतर आमच्यातलं कुणी हसलं नाही.

तुमच्या वडिलांकडे येते, कारण पत्र वाचताना मला वाटलं की तुम्ही एचआरपेक्षा त्यांना जास्त घाबरता. आणि त्यांचं दुःख खरं आहे, त्याच्याशी वाद घालायचा नाही. पण ते जे म्हणतात, त्यातला एक धागा सुटलाय. १८ जानेवारी १९८२ ला जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, ते युनियन होती म्हणून नव्हे. युनियन तर आधीच होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांत ‘प्रातिनिधिक संघटना’ म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाची नोंद होती, आणि मालकांशी बोलायचा हक्क तिचाच. कामगार बोनसवरून तिच्यावर चिडले आणि डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन उभे राहिले. संपाच्या मागण्यांत पगारवाढ होतीच, पण तो १९४६ चा कायदा रद्द करा हीही मागणी होती. आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्हाला ठरवू द्या, एवढंच त्या मागणीचं मराठी भाषांतर. सरकार आणि मालक शेवटपर्यंत म्हणत राहिले की आम्ही नोंद असलेल्या संघटनेशीच बोलू. संघटना बदलायची वाट कायद्याच्या पुस्तकात होती. पण लाखो माणसं रस्त्यावर आणि नोंदवही दुसऱ्याच्या टेबलावर, असा तो प्रकार झाला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांचं पुढे काय झालं ते तुमच्या घरात मी सांगायला नको.

म्हणून वडिलांना एकदा विचारा: तुमची वर्गणी कुणाकडे जायची, आणि मन कुणाकडे होतं? हा प्रश्न मी अनेक जुन्या गिरणी कामगारांना विचारलाय. पहिल्यांदा ते गप्प होतात, मग दोन तास बोलतात. निदान ‘युनियनमुळे वाटोळं झालं’ आणि ‘आपली युनियन निवडता न आल्यामुळे वाटोळं झालं’ या दोन वाक्यांतला फरक तुमच्या घरात बोलला तरी जाईल.

इथे मी तुमचं एक गृहीतक हलवणार आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही लिहिता, ‘कायदा आमच्या बाजूने असेल तर कंपनीला नवीन युनियनशी बोलावंच लागेल.’ नाही. संघटनेत जाण्याचा हक्क वेगळा आणि त्या संघटनेशी मालकाने वाटाघाटी करण्याचा हक्क वेगळा. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बँक कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं: संघटना काढायचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय, त्या संघटनेला यश मिळेल याची हमी दिलेली नाही. उद्या गेटवर नवा फलक लागला, नारळ फुटला, गुलाल उडाला, तरी साहेब म्हणू शकतात, आम्ही मान्यताप्राप्त संघटनेशीच बोलू. आणि तुम्ही पुन्हा १९८२ च्याच जागी उभे.

फरक एवढाच की आज नोंदवही बदलायची वाट चालण्यासारखी आहे. त्यासाठी आधी एक साधी चौकशी करा. तुमच्या अंतर्गत युनियनकडे औद्योगिक न्यायालयाचं मान्यता प्रमाणपत्र आहे, की नुसती नोंदणी? कामगार या दोन गोष्टी सर्रास एकच धरतात. नोंदणी म्हणजे संघटना जन्माला आली, बस. मान्यता म्हणजे तुमच्या कारखान्यात ती सगळ्यांच्या वतीने बोलू शकते. कितीतरी कारखान्यांत अंतर्गत युनियनला मान्यता नसतेच; कंपनीला ती आवडते म्हणून कंपनी तिच्याशी करार करत राहते, आणि वीस वर्षांनी सगळ्यांना वाटतं की हाच कायदा आहे.

१९७१ च्या कायद्यात ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात मान्यतेसाठी अर्ज करायचा तर अर्जाआधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिचा हिशेब वेगळा आहे: एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला, ती एकटी वाटाघाटी करणार, कुणालाच ५१ नसतील तर २० टक्के आणि त्यावरच्या संघटनांची मिळून परिषद. तुमचं प्रकरण कुठल्या चौकटीत मांडायचं ते अर्ज लिहिण्याच्या दिवशी तुमचा वकील ठरवेल. मला तुम्हाला आकडे दाखवायचेत. २४० चे ३० टक्के म्हणजे ७२. तुम्ही ९० आहात, म्हणून तुम्ही खूश आहात. पण उरलेले १५० जागचे हलले नाहीत तर ते साठ टक्क्यांच्या वर जातात, आणि मग दोन्ही चौकटींत पारडं त्यांचंच जड. तुम्हाला हवेत २४० चे ५१ टक्के, म्हणजे १२३. म्हणजे आणखी ३३ माणसं, आणि ती माणसं बहुतेक तुमच्याइतकीच घाबरलेली आहेत. वकील शोधण्याआधी ती शोधा.

आणि माणूस सभासद आहे हे सिद्ध कशाने होतं? घोषणेने नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपने तर नाहीच. पावतीने. १९७१ च्या कायद्यात सभासदाची व्याख्या बघा, दरमहा किमान ५० पैसे वर्गणी भरणारा. पन्नास पैसे! नाणं आता दुकानदारही घेत नाही, पण व्याख्या तीच. शिवाय त्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर माणूस मोजणीतून बाद. मी स्वतः एक प्रकरण यावर हरताना पाहिलंय. सभेला चारशे माणूस, पावतीपुस्तकात एकशे सत्तर, आणि त्यातल्या साठ पावत्या एकाच दिवशी, एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या. तपासणी अधिकाऱ्याने ते पुस्तक नुसतं उलटून दाखवलं, बोलावं काही लागलं नाही. तेव्हा दर महिन्याला, ज्याची त्याची सही, पावतीची स्थळप्रत जपून. आणि हे सगळं गेटबाहेर, पाळी सुटल्यावर. मशीन चालू असताना शॉपफ्लोअरवर वर्गणी गोळा केलीत तर चार्जशीट तुम्ही स्वतः लिहून दिल्यासारखं होईल. जुन्या युनियनचा राजीनामाही लेखी द्या, पण तो युनियनला. एचआरला त्याची प्रत कशाला?

आता हप्ता आणि उत्तराखंड. बायको म्हणते गप्प बसा. त्यांना ‘घाबरट’ म्हणू नका, घरातला हिशेब बहुधा त्याच ठेवत असतील. मी तुम्हाला धोका नाही असं खोटं सांगणार नाही. न्यायालयात जिंकायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांतही बँक हप्ता कापतेच. म्हणून पुढे होणाऱ्यांत एकटे राहू नका, आणि पहिल्या रांगेत तुम्हीच उभं राहिलं पाहिजे असंही नाही. सभासद होणं आणि पुढारी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठीमागे तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढी पुंजी नसलेल्याने कमिटीत जायची घाई करू नये, असं माझं सरळ मत आहे. काही पुढाऱ्यांना ते पटत नाही. पटू नये, हप्ता त्यांचा नाही.

बदलीचा आदेश खरंच आला तर संतापून ‘जात नाही जा’ असं तोंडी म्हणून घरी बसू नका. ती गैरहजेरी होते, आणि मग भांडण बदलीचं राहत नाही, तुमच्या वर्तणुकीचं होतं. आधी नेमणूकपत्र काढा, त्यात बदलीची अट आहे का बघा. अट असली तरी आकसाने, धोरणाचं नाव पुढे करून केलेली बदली १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. रुजू होण्याच्या तारखेआधी लेखी हरकत द्या आणि औद्योगिक न्यायालयात अंतरिम मनाई मागा. हा कज्जा तुम्ही एकटेही दाखल करू शकता, संघटनाही करू शकते. नव्या संघटनेला मान्यता नसली तरी निलंबन किंवा बडतर्फीच्या बाबतीत सभासदाची बाजू घेऊन कंपनीशी बोलायचा आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभं राहायचा हक्क तिला त्याच कायद्याने दिलाय. म्हणजे मान्यता मिळेपर्यंत ती अगदीच बिनकामाची नाही.

आता नव्या युनियनबद्दल. पत्रात तुम्ही तिच्या नेत्याला ‘दमदार माणूस’ म्हणता आणि पुढे काहीच सांगत नाही. हे मला खटकलं. जुनी कमिटी साहेबांची होती म्हणून सोडायची आणि नव्या साहेबांच्या हवाली व्हायचं, एवढाच बदल असेल तर त्रास कशाला? त्या माणसाला पाच-सहा जण मिळून भेटा आणि विचारा. तुमच्या घटनेची प्रत देता का? कारखान्यातली कमिटी निवडून येते की तुम्ही नेमता? करारावर सह्या करण्याआधी मसुदा गेट मीटिंगमध्ये वाचला जाईल का? करार झाला की फरकाच्या रकमेतून युनियन किती टक्के कापून घेते, आणि त्याची पावती मिळते का? शेवटच्या प्रश्नावर जो हसून विषय बदलतो, त्याच्या दमदारपणाचा हिशेब तुम्हालाच भरावा लागेल. तो ज्या दुसऱ्या कारखान्यात आहे तिथल्या दोन माणसांशी गेटवर चहा घ्या. नेत्याला न सांगता जा.

आणि ते कंत्राटी. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ आहे, तीसुद्धा आकडा सांगण्यापुरती. संघटनेचा हक्क त्यांनाही तेवढाच आहे. त्यांची अडचण मात्र कठीण आहे: २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सांगितलं की मुख्य कंपनी मालकच नाही असं म्हणत असेल, तर मालक-कामगार नात्याचा तो वाद आधी दुसरीकडे सोडवून घ्या, अनुचित प्रथेची तक्रार त्यानंतर. यात माणसाचं निम्मं आयुष्य जातं. पण नवी युनियन त्यांना सभासद करून घेणार का, हे आधीच ठरवा. तुमचं काम बंद पडलं तर मशीन कोण चालवणार आहे, हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे.

या सदरातला मजकूर सुपरवायझर, ‘एक्झिक्युटिव्ह’ अशा पाट्या लावलेलेही वाचतात म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. ओळखपत्रावरच्या पाटीने कामगारपण जात नाही. दिवसभर प्रत्यक्षात काय काम करता ते न्यायालय बघतं. हाताखाली खरोखर माणसं असतील, रजा मंजूर करत असाल, तर गोष्ट वेगळी. आणि जिथे एकही युनियन नाही तिथे नोंदणीच्या अर्जावर सात जणांच्या सह्या पुरतात. मात्र सभासद तिथल्या कामगारांच्या किमान दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तो असावा लागतो, आणि कुठल्याही परिस्थितीत सातच्या खाली जाऊन चालत नाही.

तुमच्याकडे परत येते. पत्रात एक गोष्ट राहिली आहे. केबिनमध्ये सही कधी घेतली आणि रात्रपाळी कुठल्या तारखेपासून लागली, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, ‘मध्यंतरी’ एवढंच आहे. अनुचित प्रथेची तक्रार घटना घडल्यापासून नव्वद दिवसांत करायची असते. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर न्यायालय ऐकतं, पण त्यावर विसंबू नका. पंचिंगचा रेकॉर्ड, पाळीचा फोटो, बायकोने कॅलेंडरवर केलेली खूण, जे मिळेल त्यातून ती तारीख आज शोधून काढा आणि तिथून दिवस मोजायला लागा.